उद्या शाळेत येणे

शिक्षकांच्या प्रशिक्षणात जे सांगतात त्यातलं निम्मं मी चहाच्या कपाबरोबर तिथेच ठेवून येते. एक गोष्ट मात्र उचलली आणि नाहूरच्या आमच्या मराठी शाळेत, दहावीच्या वर्गात रुजवली. सोमवारी प्रत्येकाने उभं राहून आठवड्याचं ध्येय सांगायचं. ध्येय छोटं हवं, स्पष्ट हवं आणि मुख्य म्हणजे स्वतःच्या हातातलं हवं. कुणी नव्वद टक्के म्हणालं की वर्गच विचारायचा, "ते बोर्डाच्या हातात. तुझ्या हातात काय?" जमलं तर सगळ्यांची एक टाळी. जमलं नाही आणि पुन्हा प्रयत्न केला, तर दोन. त्या दोन टाळ्यांसाठी मागच्या बाकावरची उडाणटप्पू मंडळीही गणिताला हात घालू लागली. मला त्याचा अभिमान होता, आजही आहे.

खिडकीपाशी बसणारी एक मुलगी. घर मूळचं कोकणातलं, आजोबा गिरणीत होते, वडील मरोळच्या एका कारखान्यात. जूनमध्ये तिचं ध्येय असायचं बीजगणिताचा अख्खा धडा. गणपतीनंतर ते दोन गणितांवर आलं. दिवाळीची सुट्टी संपल्यावर ती उभी राहिली आणि म्हणाली, "शुक्रवारपर्यंत शाळेत येणे."

"झकास, मी पण हेच घेतो," मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला. ती हसली नाही. पोरगी नियम तंतोतंत पाळत होती. हातात जेवढं उरलं होतं तेवढंच ती सांगत होती.

मधल्या सुट्टीत मी तिला थांबवलं. गावी आजी अंथरुणाला खिळलेली, बघायला कोणी नाही. बाबा म्हणतात, तू जा, परीक्षा बाहेरूनही देता येते.

"तू काय म्हणालीस?"

"मला कोणी विचारलंच नाही, बाई."

मी वडिलांना फोन केला. आरडाओरडा करणाऱ्या बापाशी मला भांडता येतं. हे अगदी हळू बोलले. "बाई, तुम्ही शिकवा. घरचं आम्ही बघतो."

मग ती रोज ध्येय सांगू लागली. उद्या शाळेत येणे. आता कोणी हसत नव्हतं. सकाळी ती दारात दिसली की टाळी पडायची, रोज जरा जास्तच जोरात. मला त्या जोराचीच भीती वाटायची.

एके सकाळी तिच्या मागोमाग तिची आईही दारात आली. दाखला न्यायला आली होती. मुलगी जागेवर गेली आणि उभीच राहिली. "याच शाळेतून दहावी देणे," ती म्हणाली.

शेजारच्या मैत्रिणीने सवयीनं विचारलं, "ते कोणाच्या हातात आहे गं?"

तिने दाराकडे पाहिलं. आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "माज्या पण हातात नाय गो," ती म्हणाली.

पुढच्या सोमवारी खिडकीपाशी तिची जागा रिकामी होती, पण तिची पाळी आली आणि वर्ग थांबला. वर्गात मोबाइलला बंदी आहे, तरी मी सगळ्यांसमोर तिच्या नंबरवर फोन लावून स्पीकर सुरू केला. आधी नुसता वारा ऐकू आला.

"बाई, वर डोंगरावर, सड्यावर आलेय. खाली घरात रेंज नाही. आजी एकटी आहे, लगेच उतरायचंय."

"ध्येय सांग," पोरं एकदम म्हणाली.

"उद्या याच वेळी सड्यावर येणे."

मंगळवारी पहिल्या तासाला सगळी टाळीसाठी हात उचलून बसली होती. मी फोन लावला. नंबर संपर्कक्षेत्राबाहेर असल्याचं तो ठरावीक आवाज सांगत राहिला. मी फोन खाली ठेवू लागले.

"ठेवू नका ना, बाई," मैत्रीण म्हणाली. तिचे हात अजून तसेच होते. "परत लावा. आता दोन टाळ्या द्यायच्यात."