गामाची सफर आणि माझी नोकरी

मास्तरकी केलेल्या माणसाकडे किस्से आपोआप साठतात, ड्रॉवरमधल्या मोज्यांसारखे. माझे हे सगळे नव्वदच्या दशकातल्या एकाच वर्षातले. न्यू जर्सीच्या एका शाळेत मी पोर्तुगीज शिकवायला लागलो, तेही वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टवर. वर्षअखेरीला सुपरवायझर वर्गात येऊन बसणार. तास आवडला तर नोकरी राहणार, नाहीतर मी घरी!

* * *

जवळच्या पार्सिपनी गावातली आमची मराठी मंडळी सगळी कम्प्युटरवाली. एका पॉटलकला, म्हणजे घरोघरून डबे आणून केलेल्या जेवणाला, नागपूरच्या देशमुख काकू कळवळून म्हणाल्या, "अहो, कम्प्युटरचं कोबोल शिका! पोर्तुगीज कोण विचारतंय?"

"काकू, लहानपणी गोव्यात मार खाऊन शिकलोय. वसूल नको करायला?"

* * *

वर्गात निम्मी मुलं पोर्तुगालची, निम्मी ब्राझीलची. बोलायची फाडफाड, पण लिहिताना वाक्याला वाक्य जोडायची नाहीत. मग मी वास्को द गामाच्या सफरीचा उतारा घेतला आणि त्यातले 'पण', 'कारण', 'म्हणून' अशा अर्थाचे सगळे पोर्तुगीज शब्द खोडून टाकले. मुलांनी ते भरायचे.

पहिल्याच दिवशी सांद्रा नावाच्या मुलीनं स्वतःचंच वाक्य लिहिलं, "गामा भारतात पोचला, म्हणून आज आम्हाला होमवर्क आहे!"

पूर्ण मार्क द्यावे लागले.

* * *

पालकसभेला रुई नावाच्या मुलाचे आजोबा आले. मूळचे लिस्बनचे. मला खालून वरपर्यंत न्याहाळून म्हणाले, "तुम्ही इंडियन. आमची भाषा तुम्हाला कुणी शिकवली?"

"तुमच्याच लोकांनी! आम्ही बोलावलं नव्हतं!"

आजोबा इतके हसले की मला मिठीच मारली.

* * *

आणि तो दिवस उजाडला. सुपरवायझर बाई मागच्या बाकावर वही उघडून बसल्या. पोर्तुगीजचं त्यांना अक्षर कळत नव्हतं.

वाक्य होतं कालिकतच्या राजाचं. राजा नाराज झाला, गामाच्या भेटवस्तू मामुली होत्या. मध्ये ब्राझीलच्या ब्रूनोनं 'कारण' टाकलं, ते बरोबरच होतं. पण वर तो म्हणाला, "तुमचा गामा कंजूषच!"

रुई उसळला. भांडण गामावरून देशावर गेलं, देशावरून फुटबॉलवर! सगळा वर्ग उभा. मला पोर्तुगीजमध्ये ओरडताच येईना. आमच्या गोव्याच्या मास्तरांनी रागावताना कधी शब्द वापरलेच नव्हते, फक्त छडी! मी हताशपणे फळ्याला टेकून उभा राहिलो. गेली नोकरी, म्हटलं.

बेल झाली. बाई पुढे आल्या.

"बारा मिनिटं! इंग्लिशचा एक शब्द नाही! आणि तुम्ही मध्ये पडला नाहीत. ब्युटिफुल!"

हुश्श! मी मटकन खुर्चीतच बसलो.

जाता जाता बाई मुलांकडे वळल्या. "हिस्टरीवर इतका वाद! मग शेवटी जिंकलं कोण?"

सांद्रा खणखणीत आवाजात म्हणाली, "ब्राझील!"

बाईंनी गंभीरपणे मान डोलावली, ते वहीत लिहून घेतलं आणि माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू केलं.