कुणाची गं तू?

आमच्याकडे मुलांना बोलता यायला लागलं की पहिल्यांदा हेच शिकवतात. कुणी विचारलं, "कुणाची गं तू?" तर लाजायचं नाही. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, घर कुठं, सगळं एका दमात सांगायचं. मला ते कधीच जमलं नाही. मी आईच्या मागे लपायची आणि पाहुणे म्हणायचे, "मुकी हाय व्हय ही?" माझी नऊ वर्षांची भाची मात्र घडाघडा सांगते. घरात तिचं भारी कौतुक.

गेल्या मे महिन्यात मी सांगलीहून पलूसला भावाच्या घरी चार दिवस राहायला गेले. भाऊ फौजेत, लांब सीमेवर. घरी वहिनी आणि भाची. तिन्ही बाजूंना ऊस, अंगणात पेरूच्या झाडाला झोपाळा. दुपारी वीज गेली. पंखा थांबला आणि शेजारच्या खोलीतला भाचीचा आवाज स्पष्ट ऐकू आला. ती मोबाइलवर गेम खेळत होती आणि गेममधूनच कुणाशी तरी बोलत होती.

"आई झोपलीय. आत्या आलीय."

मग एका पुरुषाचा आवाज. सावकाश, मऊ, आणि आमच्याच बोलीतला.

"आत्या कवा जाणार?"

"रविवारी."

"बरं. मग तवा बोलू."

मी दारात गेले. भाचीनं हसून मोबाइल माझ्याकडे वळवला. "फौजी काका हायत!" पडद्यावर चेहरा नव्हता. फक्त एक हिरवं वर्तुळ, आवाजाबरोबर फुगणारं. आता कुणी बोलत नव्हतं, तरी ते किंचित हलत होतं. पलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं. माझ्या तोंडून नेहमीसारखाच शब्द फुटला नाही. मग वर्तुळ नाहीसं झालं.

मी वहिनींना उठवलं.

"आवं वन्सं, ते ह्यांच्या पलटणीतलं. मीपण बोललेय की. जेवला का म्हणून विचारलं. लय सभ्य."

"पाहिलंय कधी त्यांना?"

"आवाज वळखीचा वाटला."

भावाचा फोन लागायला संध्याकाळ झाली. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आमच्या पलटणीत असा कुणी नाही."

विचारल्यावर भाचीनं सगळं सांगितलं. तिनं गेममध्ये स्वतःचा फोटो लावला होता. झोपाळ्यावर, वडिलांची फौजेची टोपी घालून. त्या माणसानं विचारलं होतं, "कुणाची गं तू?" तिनं शिकवल्याप्रमाणे सगळं सांगितलं. "म्हंजी तुझ्या बाबाला वळखतो की मी," तो म्हणाला. पुढच्या दिवसांत तिनं घरचा रस्ता सांगितला, शाळेच्या गाडीची वेळही.

वहिनींनी हात उगारला. मी तो धरला. तोवर मी त्यांना कधी उलट बोलले नव्हते.

"आज मारलंत, तर पुढच्या वेळी ती सांगणार नाही."

"मग काय आरती ओवाळू?"

पण हात खाली आला. त्या गेममधले त्याचे सगळे संदेश पुसून टाकायला निघाल्या होत्या. मी आधी प्रत्येक संदेशाचा स्क्रीनशॉट काढला, मग त्या माणसाला ब्लॉक केलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या म्हाताऱ्या हवालदारानं भाचीला बघून मायेनं विचारलं, "कुणाची गं तू?"

भाची आईकडे बघत राहिली. एक शब्दही बोलली नाही.

"माझी," वहिनी म्हणाल्या.

रविवारी मी सांगलीला परतले. सोमवारी दुपारी वहिनींचा फोन आला. भाचीच्या गेममध्ये नव्या नावानं कुणीतरी आलं होतं. एकच ओळ लिहिली होती, "आत्या गेली का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तिनंच आणून दाखवलं." वहिनी अगदी हळू बोलत होत्या, दाराबाहेर कुणी ऐकत असल्यासारख्या. "फोटो काढलाय. आता ठाण्यात निघालोय." मग थांबून म्हणाल्या, "वन्सं, मी मारलं न्हाई तिला."