नियम क्रमांक नऊ

करुणा साळवे यांनी आयुष्यात स्वतःच्या डोक्याने एकच गोष्ट लिहिली, ती म्हणजे सोळा कलमांची एक नियमावली. बाकी सगळं त्यांनी साहेब सांगतील तसं टाइप केलं. बारामतीतल्या एका शेतकी कॉलेजात त्या वरिष्ठ लिपिक होत्या. वय एक्केचाळीस, लग्न केलेलं नाही, आणि फायलीच्या दोरीला गाठ अशी मारायच्या की ती सोडवायला शिपाई शेवटी त्यांच्याकडेच यायचा.

१९९६ साली दिवाळीच्या सुमारास पत्र आलं, की टांझानियाहून नीमा नावाची विद्यार्थिनी ठिबक सिंचन शिकायला तीन महिने येतेय. साहेबांची धांदल उडाली. परदेशी मुलगी ठेवायची कुठे, पोलिसांना कळवायचं काय, तिला खायला घालायचं काय, कुणालाच ठाऊक नव्हतं. "करुणाताई, काहीतरी नियम करा," असं म्हणून साहेब मोकळे झाले. मोकळं होण्यात साहेबांचा हात कुणी धरला नसता.

करुणाताई चार दिवस टाइपरायटर सोडून उठल्या नाहीत. मुलगी आली की चोवीस तासांत पोलीस ठाण्यात वर्दी द्यावी. पासपोर्ट यजमानाने ठेवून घेऊ नये. खोलीला आतून कडी असावी. शेतावर सहा तासांपेक्षा जास्त काम नको, रविवारी सुट्टी, आणि घरकामाला तर अजिबात जुंपू नये. आदल्या वर्षी तालुक्यात काविळीने पोरं आजारी पडली होती, म्हणून पाणी आणि स्वच्छतेवर त्यांनी आणखी चार कलमं खर्ची घातली. जिला अजून पाहिलंही नव्हतं, तिची काळजी त्या पोटच्या पोरीसारखी करत होत्या. तसं कुणी तोंडावर म्हटलं असतं तर मात्र फटकन बोलल्या असत्या.

नीमाची सोय कन्हेरीत गोजरबाईंच्या घरी झाली. गोजरबाई विधवा. द्राक्षबाग त्यांचा मुलगा अनुप बघायचा आणि त्याच्या बागेत ठिबक बसवलेलं होतं. सगळं जुळून आलं, असं वाटत असतानाच विसाव्या दिवशी नीमाचा इंग्रजी अर्ज टेबलावर आला. मला कन्हेरीतून हलवावं, नाहीतर परत पाठवावं. कारण, वैयक्तिक.

साहेब वैतागले. "मुलगी अशी परत गेली तर तिचं विद्यापीठ पुन्हा कुणाला पाठवणार नाही. जा, समजूत काढा."

करुणाताईंना विद्यापीठाचं काही पडलं नव्हतं. त्या 'वैयक्तिक' या शब्दाकडेच बघत राहिल्या. बावीस वर्षांपूर्वी त्यांनीही एक असाच अर्ज केला होता. टायपिंगच्या परीक्षेसाठी पुण्यात एका शिकलेल्या, गोड बोलणाऱ्या कुटुंबात त्या राहिल्या होत्या. आडनाव कळल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांचा कप न्हाणीघराच्या खिडकीत गेला. कुणी वाकडा शब्द बोललं नाही. करुणा महिनाभर त्या कपातून चहा प्यायली, मग अर्ज केला, परीक्षा न देताच घरी आली आणि खरं कारण आईलासुद्धा सांगितलं नाही. नीमाचं काय बिनसलं असेल, याचा अंदाज त्यांना टेबलाशीच आला होता. फक्त तो खोटा ठरावा, असं मनापासून वाटत होतं.

दुपारच्या एसटीने त्या कन्हेरीला उतरल्या. नीमा बागेतून नुकतीच आली होती, हात धूत होती. तिने हसून नमस्कार केला. मग जेवायला बोलावलं तशी ती मुकाट्याने कोपऱ्यातल्या फळीपाशी गेली आणि तिथून एक ताट, एक तांब्या, एक वाटी उचलून लांब भिंतीशी बसली. घरातली बाकीची भांडी मांडणीवर होती.

करुणाताईंचं डोकं सणकलं. "गोजरबाई, या पोरीची भांडी वेगळी का?"

"वेगळीच हायती की."

"का, ते विचारतेय मी. काळी आहे म्हणून? का तिची जात कळत नाही म्हणून?"

गोजरबाई आत गेल्या, पत्र्याच्या डब्यातून घडी घातलेला कागद आणला आणि पुढे धरला. "तुमीच लिवलंय न्हवं? मला वाचता येत न्हाय. अनुपकडनं दोनदा वाचून घेतलं."

कागद त्यांचाच होता, खाली त्यांचीच सही. नियम क्रमांक नऊ. पाहुणीची भांडी घरच्या भांड्यांपासून वेगळी ठेवावीत व रोज उकळत्या पाण्याने धुवावीत.

गोजरबाईंच्या उजव्या मनगटावर पोळल्याचा लालभडक डाग होता. वीस दिवस त्या रोज दोन वेळा चुलीवर पाणी उकळत होत्या.

करुणाताई तिथेच जमिनीवर बसल्या. बावीस वर्षं जी गोष्ट मनात ठुसठुसत होती, तीच आपण स्वच्छ अक्षरात टाइप करून, शिक्का मारून दुसऱ्याच्या घरात पाठवली, याची त्यांना इतकी लाज वाटली की मान वर होईना. पण नीमाला सांगणं भाग होतं. मोडक्या इंग्रजीत त्यांनी सगळं सांगितलं. कावीळ सांगितली, कलम सांगितलं, आणि कधी कुणाला न सांगितलेला खिडकीतला कपही सांगितला. म्हणाल्या, "यांनी काही केलं नाही. हे मी केलं. मला माफ कर."

नीमाने हातातली वाटी खाली ठेवली. "मला वाटलं, मी यांना घाण वाटते," ती म्हणाली. "या आई इतक्या प्रेमाने वाढायच्या, म्हणून तर जास्त लागायचं."

काय बोलणं झालं ते गोजरबाईंनी विचारलं. करुणाताईंनी तेच मराठीत सांगितलं, कपासकट. गोजरबाईंनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"बाई, खरं सांगू का? येगळं ठिवा म्हनल्यावर का, म्हनून इचारावं असं मला वाटलंच न्हाय. आमच्या पडवीत पन असाच एक कप हुता. सासूच्या येळंला. तुमच्या समाजातली मानसं कामाला यायची, त्यांच्यासाठी. वरनं च्या वतायची मी. कुनी इचारलं न्हाय, मीबी न्हाय. आता तुमी सांगितल्यावर ध्यानात येतंय, त्यांनाबी असंच लागत असंल."

करुणाताईंच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. पुण्याच्या त्या घरातून कुणीतरी कधीतरी हे म्हणेल, अशी वेडी आशा त्या इतकी वर्षं धरून होत्या. म्हटलं ते एका अडाणी बाईने. तिने त्यांचं काहीच वाईट केलेलं नव्हतं.

त्यांनी पेन काढून नवव्या कलमावर काट मारली. नीमाने समोरची आपली भांडी उचलून मांडणीवर नेऊन ठेवली आणि अर्ज परत मागितला. गोजरबाईंनी चुलीपुढे एकमेकींना हात पुरेल तेवढ्या अंतरावर तीन ताटं मांडली.

"ऊन हाय तवर घ्या," त्या म्हणाल्या, आणि परातीतली पहिली भाकरी मोडून अर्धी करुणाताईंच्या ताटात टाकली, अर्धी आपल्या.