मुर्दाकाकाजींचे उपाशी पाहुणे

मुर्दाकाकाजी माणसाला चेहऱ्यावरून नाही, चालीवरून ओळखत, आणि ती मुडद्याच्या किती जवळ आली त्याचे मार्क देत. फर्स्ट शिफ्ट सुटली की ते सेक्टरच्या पुलियाच्या कठड्यावर बसून भिलाईच्या स्टील प्लांटमधून परतणाऱ्यांची परीक्षा घेत. "खांदे मस्त पडले तुहे, पण मान अजून जिवंत आहे," असं त्यांनी एका थकलेल्या फिटरला सांगितलं, तर तो बिचारा आठवडाभर मान टाकून चालला आणि शेवटी बायकोने त्याला हाडवैद्याकडे नेलं. आमच्या सेक्टरमधल्या निम्म्या लोकांची चाल काकाजींनी बिघडवली. उरलेल्यांची प्लांटने.

काकाजी स्वतः कोक ओव्हनवर होते. भट्टीचं दार उघडलं की समोर नरक दिसायचा, पण तो त्यांच्या ड्युटीचा भाग, त्याला काय भ्यायचं. भीती पिक्चरमध्येच पाहिजे, आणि तीही अस्सल. हिंदी भुतांबद्दल त्यांचं मत फार वाईट. "मेणबत्ती घेऊन गाणं म्हणते ते भूत नोहे रे बाबू. तिच्या घरची लाइन गेली."

त्यांच्या मते जगात पिक्चर एकच. काळा-पांढरा, विलायती, जुना. त्यात मुडदे उठतात, माळावरच्या एकट्या घराला वेढा घालतात आणि शेवटी आतल्यांना खातात. काकाजींनी त्याची कॅसेट झिजवली, मग सीडी झिजवली, मग पेन ड्राइव्हसुद्धा झिजवला असता. लग्नानंतर काकूंनी पहिल्यांदा माहेरचं नाव काढलं, तेव्हा ते म्हणाले, "एवढा पिक्चर संपू दे." काकू म्हणत, तो अजून संपला नाही.

त्यांची एकच इच्छा होती : सगळा सेक्टर एकदा तरी या पिक्चरला घाबरला पाहिजे. म्हणून एका वर्षी त्यांनी तो थेट गणपतीच्या पेंडॉलमध्ये लावला. पहिला मुडदा उठला तशी माझी आईही उठली. मंडळात तिच्यापुढे अध्यक्षही खुर्ची सोडून बोलत.

"भाऊजी, गणपतीसमोर हे मुडदे कावून आणले?"

पिक्चर तिथेच बंद पडणार होता. काकाजींनी आरतीचा माइक ओढला आणि आयुष्यातली सर्वांत महाग थाप मारली. "वहिनी, हे पितर आहेत. कोणी जेवू घातलं नाही, म्हणून दारोदार फिरून राहिले."

आई खाली बसली. पदर डोळ्याला लागला.

त्या वर्षापासून पिक्चरचा आवाज बंद आणि माइक काकाजींच्या हातात. पडद्यावर मुडदा दार ठोके आणि काकाजी रडव्या आवाजात म्हणत, "उघड बाई, मी तुहा मोठा मामा. दोन घास दे, जातो." आतली गोरी बाई दाराला फळ्या ठोकू लागली की आमच्या बाया खवळत. "पाहा सटवीचं काळीज!" खाण्याचा सीन आला की काकाजी प्रोजेक्टरसमोर हात धरत आणि जाहीर करत, "जेवणं सुरू आहेत." पुढेपुढे पार खुर्सीपार वस्तीतल्या बाया न जेवणारी पोरं घेऊन येऊ लागल्या. पिक्चर पाहून पोरं म्हणे वरणभात मागत.

"हिंदुस्थानात याच्याएवढा भयंकर पिक्चर नाही," काकाजी मला म्हणत, "अन् म्या माह्या हातानं त्याचं हळदीकुंकू केलं."

मग ते रिटायर झाले. विसर्जन झालं की क्वार्टर सोडून गोंदियाकडच्या गावी जायचं ठरलं. "जाता जाता एक तरी किंकाळी ऐकून जाईन," म्हणाले. त्या वर्षी माइक नाही, प्रोजेक्टरपुढे हात नाही, आवाज पूर्ण सोडलेला. ते स्वतः पडद्याकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून बसले. सुनेच्या बाळंतपणालाही ते इतके अस्वस्थ नव्हते.

खाण्याचा सीन आला. मागे काय चाललंय ते त्यांना पाठ होतं. समोरचा एकेक चेहरा ते चाचपत होते. आई शेजारणीकडे झुकली.

"पाहा बाई, उपाशी ठेवलं की असं होते."

"अन् कसे घाईनं खाऊन राहिले," शेजारीण हळहळली. "घशात अडकन ना."

मग आईने आवाज चढवला. "भाऊजी, आज आवाज कावून लावला? ते काय बोलून राहिले काही समजत नाही. माइक घ्या."

काकाजींनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे. मग माइक घेतला आणि लेकीची पाठवणी करावी तशा आवाजात म्हणाले, "जेवा. सावकाश जेवा. अजून आहे."

टाळ्या अशा पडल्या की भिलाई-३ पर्यंत ऐकू गेल्या.

निघायच्या दिवशी बायांनी वाटेसाठी इतके डबे दिले की टेम्पो एका अंगाला कलला. काकाजी क्लीनरच्या बाजूला बसले. "एकही जण भेला नाही रे," एवढंच मला म्हणाले. टेम्पो वळेपर्यंत त्यांनी मागे पाहिलं नाही.

सर्वपित्रीला आईने घरातलं सगळं आटोपल्यावर एक जास्तीचं ताट वाढलं. वडे, खीर, कढी, सगळं. ते तिने फाटकाबाहेर ठेवलं आणि बाजूला पाण्याचा गिलास.

"हे कोणासाठी?"

"काकाजींच्या पिक्चरवाल्यांसाठी. यंदा त्यांच्याकडं पाहायले कोण आहे?"

मी पोट धरून हसलो. कुत्री खातील म्हणालो. दुपारी आई झोपली, बाजूच्या क्वार्टरला कुलूप, सडकेवर चिटपाखरू नाही. मी ताट आणायला गेलो. ताट रिकामं होतं, यात नवल नाही. पण ते लख्ख घासलेलं होतं आणि निथळायला भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. गिलास शेजारी उपडा.

माझ्या अंगावरचा एकेक केस उठून उभा राहिला; शर्ट इंचभर वर आला म्हणा ना. मी तिथूनच फोन लावला.

"काकाजी, मी भेलो."

पलीकडे खाट करकरली. ते बसले असावेत.

"हळू सांग," ते म्हणाले. "पहिल्यापासून सांग."