शाळेसमोरचा समीर

होर्डिंगवाल्यांकडे किस्से साचतात तेही होर्डिंगसारखेच. जुना काढायचा कंटाळा, म्हणून त्याच्यावरच नवा! पामर्स्टन नॉर्थला इंजिनीअरिंग अर्धवट टाकून मी ऑकलंडला दीक्षितकाकांच्या कंपनीत शिडीवर चढले, तेव्हा पहिला धडा हाच मिळाला. "खालची स्किन काढत बसू नकोस गं, वरून नवी ताण!" स्किन म्हणजे जाहिरात छापलेलं प्लॅस्टिकचं कापड. शॉर्टकटला काका 'अनुभव' म्हणतात.

*

काकांचा दुसरा अनुभव म्हणजे मॉडेल घरचेच. हेन्डरसन भागातल्या डेंटिस्टच्या बोर्डावर काकू खळखळून हसतात. पुढचे दोन दात खोटे आहेत!

मनुरेवात शाळेसमोर दारूच्या दुकानाची जाहिरात होती. त्यावर काकांचा मुलगा समीर, हातात बिअरची बाटली. "शाळेसमोर?" मी विचारलं.

"पोरं हल्ली कुठे काय वाचतात!" काका म्हणाले. इथल्या मराठी मंडळातल्या झाडून सगळ्यांनी त्या बोर्डाखाली फोटो काढून घेतले.

*

समीर त्याच हिवाळ्यात गेला. पिऊन गाडी चालवत होता. मंडळात काकांनी हार्ट अटॅक सांगितला. कॉलेजातल्या पोराला हार्ट अटॅक! बोर्डाखाली फोटो काढणाऱ्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

घरातले त्याचे फोटो काकांनी उचलून गराजमध्ये टाकले. "बघवत नाही," म्हणाले. काकूंना बघायचं होतं का, हे कुणी विचारलंच नाही. मग त्या रोज दुपारी चहाचा थर्मास घेऊन बोर्डासमोर गाडी लावून बसायला लागल्या.

"एवढा मोठा कधी दिसला नव्हता गं," त्या मला म्हणाल्या. हसत.

*

तेवढ्यात कौन्सिलचा नियम आला. शाळेजवळ दारूची जाहिरात नको. नियम बरोबरच होता, उशिरा सुचला एवढंच. कौन्सिलची हेलन आली, माओरीत नमस्कार म्हणून "किया ओरा" म्हणाली आणि बोर्ड उतरवा म्हणाली.

काका पेटले. "आमच्या धार्मिक भावना दुखावतील!"

हेलनने वर पाहिलं. "यात देव कुठला? बाटली?"

काकू गाडीतून उतरल्या. "बाई, ती बाटली तेवढी काढा ना त्याच्या हातातून. तो राहू दे."

काका म्हणाले, "तू गाडीत बस."

*

आम्ही अनुभवाला जागलो. समीर तसाच ठेवून वरून दुधाची पांढरी जाहिरात ताणली. स्वीट ॲज, म्हणजे इथल्या भाषेत एकदम झकास!

पण दुपारी ऊन बोर्डाच्या मागून यायचं. शाळा सुटायच्या सुमारास दुधातून आधी बाटली वर यायची, मग हात, मग समीर. पोरं फुटपाथवर थांबून त्याला हात करायची. एकदा मी वर चढून स्किनला हात लावला. सगळं कापड गार होतं. चेहरा होता तिथे ऊबदार. उन्हामुळे असेल.

काका खालून ओरडले, "काय करतेयस?"

"तुम्ही या की वर!" मी म्हटलं. आले नाहीत.

*

बाटली अजून दिसते म्हणून हेलन परत आली. या वेळी दूध, समीर, सगळं उतरवलं. मीच कापलं. काकांनी गुंडाळी स्वतः टिपवर, म्हणजे कचरा डेपोत, नेऊन टाकली, काकूंना न विचारता. उरला पाइपांचा रिकामा चौकोन, पलीकडे आभाळ.

दुसऱ्या दिवशी काकूंची गाडी तिथेच. मला राग आला होता, काकांचा, मंडळाचा, सगळ्यांचाच. मी जाऊन शेजारी बसले. काकूंनी चहा ओतला. शाळा सुटली.

जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घातलेली एक चिमुरडी गाडीपाशी थांबली. मान वर करून तिने रिकाम्या चौकोनाला हात केला. मग काचेतून मला विचारलं, "मिस, त्याने बाटली कुठे ठेवली?"

मी वर बघितलं. आभाळच होतं.

काकू नजर न हलवता म्हणाल्या, "मीच सांगितलं त्याला."