दुसरी पंगत

देवरुखच्या एसटी स्टँडवर आई आली नव्हती. सकाळी तिने मला आणि दत्ताला पाटाला पाट लावून जेवायला वाढलं आणि उंबऱ्यावरूनच निरोप दिला. दत्ता शेजारच्या घरचा. आम्ही दोघे माझ्या वडिलांच्या हाताखाली सुतारकाम शिकलो आणि एकाच एजंटाकडून बहारीनला निघालो. आई म्हणाली, "परमुलखात एकमेकांना टाकून जेवू नका रे." स्टँडवर वडील म्हणाले, "हत्यारं हातातल्या पिशवीत ठेवू नका, काढून घेतील." आम्ही पिशवीतच ठेवली. विमानतळावर वडिलांच्या पटाश्या गेल्या.

बहारीनमध्ये सलमाबादच्या एका जॉइनरी वर्कशॉपमध्ये आम्ही दरवाजे आणि किचनची कपाटं बनवायचो. कामगारांच्या कॅम्पच्या खोलीत माझा बंक खाली, दत्ताचा वर. फोरमन 'यल्ला यल्ला', म्हणजे चला आटपा, करत यायचा आणि दत्ता रंधा न थांबवता मराठीत पुटपुटायचा, "लाकडाला सांग यल्ला, मला काय सांगतोस मेल्या." मी पुढे फोरमन झालो, मग छोटा ठेकेदार. फॅमिली व्हिसा मिळाला, माहूजला फ्लॅट घेतला, पोरगा इंग्रजी शाळेत गेला. दत्ता कॅम्पमध्येच राहिला. शुक्रवारी सुट्टीला माझ्या घरी जेवायला यायचा.

इथल्या आपल्या मराठी मंडळात तेव्हा बँकेतले आणि अकाउंट्समधले लोक होते. मंडळाच्या निवडणुकीला उभं राहायची कल्पना दत्ताची. "तू उभा राहा बाळ्या. मतं मी आणतो." शिफ्ट संपल्यावर तो बंकाबंकावर फिरला. सुतार, गवंडी, एसीवाले, रत्नागिरीकडचे दोन-तीन मुसलमान वेल्डरसुद्धा त्याने मेंबर केले. 'आपला माणूस' एवढाच आमचा प्रचार. मी अध्यक्ष म्हणून निवडून आलो. माझ्या टायला सूनबाई आत्ता हसते, पण तेव्हा तो बांधायला मला बायकोने शिकवलं, तिला तिच्या भावाने फोनवर सांगितलं होतं.

यंदा मंडळ माझा सत्कार करणार आहे. स्मरणिकेचं काम बघणारी मुलगी घरी आली होती. इथेच जन्मलेली, गुणी पोर. म्हणाली, "काका, तुमच्या टाइमला कॅम्प आणि फॅमिलीज फर्स्ट टाइम एका पंगतीत बसले ना? तेच हेडिंग देतेय." नात सोफ्यावरून म्हणाली, "आजोबा, यू वेअर लाइक अ मिनिस्टर!" मी पाणी प्यायलो. ती निघाली तेव्हा दारापर्यंत गेलो नाही; पाय दुखतात म्हणून, असं त्यांना वाटलं असेल.

तसं झालं नव्हतं. म्हणून हा लेख.

माझ्या पहिल्याच गणपतीला दत्ताने मखर केलं. प्लायवूडचं, चार खांबांचं, वर कमान. दिवसभर वर्कशॉप करून मग हॉलवर येऊन करायचा. तेव्हाच कमिटीत विषय निघाला. महाप्रसादाला गर्दी होते, मुलं ताटकळतात, बायकांना अवघडल्यासारखं होतं. तर आधी फॅमिलीज बसतील, कॅम्पच्या लोकांनी दोन वाजता यावं. सोयीसाठी. ज्यांच्या मतांवर मी त्या खुर्चीत बसलो होतो, त्यांच्याबद्दल हे चाललं होतं. मी म्हणू शकलो असतो, एकच पंगत, ज्याला बसायचं तो बसेल. पण ती माणसं मला 'अध्यक्षसाहेब' म्हणत होती आणि मला ते आवडत होतं. मीही म्हणालो, "हो, सोयीचं होईल." दत्ताला मात्र सांगितलं नाही.

महाप्रसादाच्या शुक्रवारी दुपारी कॅम्पची बस आली. दत्ता पुढे, इस्त्रीचा पांढरा शर्ट. दारातला स्वयंसेवक म्हणाला, "भाऊ, कॅम्पवाल्यांची दुसरी पंगत." दत्ता हसला. त्याला वाटलं, पोरगा नवीन आहे. त्याने आत माझ्याकडे बघितलं. मी वरणाची बादली घेऊन वाढत होतो. अध्यक्ष स्वतः वाढतात म्हणून कुणीतरी फोटो काढत होतं.

मी म्हणालो, "दत्ता, जरा दोनला ये ना."

तो म्हणाला, "बरं, अध्यक्ष."

त्याआधी त्याने मला बाळ्याशिवाय काही म्हटलं नव्हतं. दोन वाजता आम्ही पानं मांडली. भात गार झाला. कुणी आलं नाही. मी कमिटीला सांगितलं, त्यांची बस लवकर सुटली असेल. हळूहळू तेही पुसलं गेलं आणि वाढतानाचा माझा फोटो तेवढा राहिला. पुढल्या वर्षीपासून पंगत एकच केली, पण तोवर कॅम्पमधून येणारे थोडेच उरले होते. दत्ता शुक्रवारी यायचा बंद झाला, मग व्हिसा कॅन्सल करून गावी गेला. आई असेपर्यंत मी रजेवर गेलो की विचारायची, "दत्ता शेवटपर्यंत जेवायचा ना रे तुझ्याकडे?" तो शेजारच्याच घरात राहत होता. मी हो म्हणायचो. ती माझ्या ताटात भात वाढायची.

स्मरणिकेची ती मुलगी गेल्यावर मी दत्ताला फोन लावला.

"बोला अध्यक्ष," तो म्हणाला. आवाज म्हातारा झालाय.

मी सत्काराचं सांगितलं. त्या दिवशीचं खरं काय ते लिहितोय म्हणालो.  त्याच्या मागे कुणीतरी करवत चालवत होतं.

"लिही. पण माझा फोटोबिटो छापू नको, गावात हसतील." मग म्हणाला, "मखर टाकलं असेल ना?"

"नाही. अजून तेच लावतात."

"डावीकडचा खांब हलत होता. जेवण झाल्यावर बघणार होतो."

काल मुलाला गाडी काढायला लावून मंडळाच्या स्टोअरला गेलो. खांब खरंच हलत होता. इतकी वर्षं कुणीतरी फुलांच्या माळेआड सुतळीने बांधत होतं. सुतळी कापली, दोन स्क्रू मारले. सवय मोडलीय, वेळ लागला. फोटो काढून दत्ताला पाठवला.

मी इथे मुलाच्या व्हिसावर राहतो. गावचं घर बंद असतं. घर कुठलं, असं कुणी विचारलं की मी दमतो. सत्काराची शाल नको, मंडळाने यंदा कॅम्पवर बस पाठवावी आणि ती येईपर्यंत पानं वाढू नयेत, एवढंच मागणं.

काल संध्याकाळीच दत्ताचं उत्तर आलं. "बाळ्या, उजवा पण बघ."

आज पुन्हा गेलो. उजवाही हलत होता.