पोस्टाचा तिसरा डबा

पहिला डबा सप्टेंबरात गेला. साल २००७. सकाळी सात वाजता नवरा कामाला निघाला तेव्हा खांब जागेवर होता आणि डबा सहा फुटांवर, रस्त्याकडेच्या चरात, भाकरीसारखा चपटा होऊन पडला होता. शेजारच्या शेतकऱ्याचाही गेला होता, त्याच्या पलीकडच्या दोन घरांचेही. शेतकरी सत्तरीचा, मका आणि सोयाबीन लावणारा. त्याने प्रकार समजावून सांगितला. धावत्या पिकअपच्या खिडकीतून कोणीतरी बेसबॉलची बॅट बाहेर काढतं आणि रस्त्यावरचे डबे एकामागून एक फोडत जातं.

"हा इथला खेळ आहे," तो म्हणाला. "किती डबे गेले ते मी आता मोजत नाही."

मिशिगनमधला हा रस्ता ट्रॉय शहरापासून दीड तासावर होता. दोन्ही बाजूंना शेतं, दोन घरांमध्ये अर्धा मैल. जवळच गाड्यांच्या चाचण्या घेण्याचं एक मैदान होतं आणि नवरा तिथे बंपरच्या विभागात काम करत होता: गाडी भिंतीवर आपटायची आणि किती चेपली ते मोजायचं. अशा भागात पोस्ट घराच्या दारापर्यंत येत नाही. रस्त्याच्या कडेला खांबावर प्रत्येकाचा पत्र्याचा डबा असतो. टपाल टाकणारी बाई स्वतःच्या गाडीत उजव्या सीटवर बसते, डावीकडचं स्टिअरिंग डाव्या हाताने सांभाळते आणि न उतरता उजव्या हाताने डब्यात टपाल टाकते. डबा नसेल तर टपाल नाही.

आम्हाला त्या वर्षी टपाल हवं होतं. पुण्यात एका दैनिकात मी नऊ वर्षं उपसंपादक होते. २००१मध्ये नवऱ्याच्या व्हिसावर इथे आले आणि त्या व्हिसावर बायकोला काम करायला मनाई होती. सहा वर्षं झाली. त्या उन्हाळ्यात ग्रीन कार्डाचा अर्ज गेला, त्याच्यासोबत माझ्या कामाच्या परवान्याचा. परवाना म्हणजे एक प्लास्टिकचं कार्ड, साध्या टपालाने येणारं. काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, गावात एक साप्ताहिक निघायचं. शाळा मंडळाच्या आणि रस्ते समितीच्या बैठकांना बसून बातम्या लिहील असा माणूस त्यांना हवा होता. संपादकाने माझी जुनी कात्रणं पाहिली, त्यातलं एक अक्षर त्याला वाचता येत नव्हतं, मग समोर बसवून एक इंग्रजी बातमी लिहायला लावली. ती वाचून म्हणाला, "थँक्सगिव्हिंगपर्यंत जागा धरून ठेवतो. पुढे जमणार नाही." म्हणजे नोव्हेंबरचा चौथा गुरुवार.

इमिग्रेशनच्या पाकिटांवर एक सूचना छापलेली असते: पोचलं नाही तर दुसरीकडे पाठवू नये, परत करावं. परत गेलेलं कार्ड पुन्हा येईपर्यंत कित्येक महिने जातात.

ट्रॉयमधल्या काकांचा फोन आला. ते मूळचे नागपूरचे, डॉक्टर, तीस वर्षं अमेरिकेत. आसपासच्या सगळ्या मराठी घरांचे ते काका होते.

"अगं, माझा पत्ता देऊन टाक त्यांना. माझ्या दाराला फट आहे, पत्र सरळ घरात पडतं. तुम्ही शेतात राहायला गेलात, आता डब्याला पहारेकरी ठेवणार का?"

"काका, मध्येच पत्ता बदलला की फाइल हलते. माझ्या मैत्रिणीचं कार्ड तसंच अडकलं होतं."

"मग गावातल्या पोस्टात पेटी भाड्याने घे."

"तोही पत्ता बदलणंच झालं."

"ऐकायचं नाहीच ना तुला?"

"नाही."

कारण मी सांगितलं ते खरं होतं, पण पुरतं नव्हतं. आम्ही त्या रस्त्यावर राहत होतो. कर भरत होतो. आमचं टपाल आमच्या डब्यात यायला हवं होतं.

दुसरा डबा मी निवडला, जाड पोलादी. त्याला मी कुलूप लावलं. पुण्यातल्या आमच्या इमारतीत जिन्याखाली सगळ्यांच्या पत्रपेट्या होत्या, प्रत्येकीला कुलूप आणि वर पोस्टमनने पत्र सरकवायची फट. कुलूप नसलेली पेटी म्हणजे रिकाम्या ब्लॉकची. त्याच धर्तीवर मी नव्या डब्याच्या झाकणात फट कापून घेतली, कडी बसवली आणि घरातलं पितळी कुलूप अडकवलं. फटीची रुंदी आठवणीतून घेतली. ती पत्राला पुरेशी होती.

पाच दिवस डबा रिकामा राहिला. सहाव्या दिवशी फटीत टपालवाल्या बाईची चिठ्ठी सापडली. टपाल जाडजूड गठ्ठ्यात येतं, जाहिरातींची पुस्तकं असतात, गठ्ठा फटीतून जात नाही. तो सोडून एकेक पत्र सरकवणं आपलं काम नाही. टपाल कचेरीत आहे. मी त्याच दुपारी गावात गेले. पाच दिवसांचं टपाल रबरात बांधून ठेवलेलं होतं. काउंटरवर उभं राहून प्रत्येक पाकीट पाहिलं. कार्ड नव्हतं. आणखी पाच दिवस गेले असते तर ते सगळं परत पाठवलं असतं, असं खिडकीतल्या माणसाने सांगितलं. चूक माझी होती.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बँकेचं लॉकर बनवलंस तू."

कुलूप काढायचं शनिवारवर ठेवलं. शुक्रवारी सकाळी डबा रस्त्यावर आडवा होता, मधोमध घडी पडलेला. कुलूप शाबूत होतं. या वेळी शेजाऱ्याचा डबा जागेवर होता, पलीकडचे दोन्हीही. फक्त आमचा.

त्यावर दोन मतं झाली. नवऱ्याच्या मते कारण उघड होतं: डब्याच्या दोन्ही बाजूंना आमचं आडनाव होतं, रस्त्यावरच्या बाकी आडनावांशी न जुळणारं. माझ्या मते एका घटनेवरून हेतू सिद्ध होत नाही; अशी बातमी माझ्या टेबलावर आली असती तर ते वाक्य मी कापलं असतं. शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलिसांच्या, कचेरीतला माणूस आला, फोटो काढले, कोण असेल ते सांगता येणार नाही म्हणाला. पुढेही कधी कळलं नाही.

"तर मग नाव काढून टाकू," नवरा म्हणाला. "नंबर पुरे. पोस्टाला नंबरच लागतो."

"नाव राहील."

"हट्ट कशाला, यार? कार्ड आलं की मग लिही ना हवं तेवढं मोठं."

"नाव काढल्यामुळे डबा वाचणार असेल, तर तो वाचवायचा कशासाठी?"

"पत्रांसाठी," तो म्हणाला. हे त्याचं बरोबर होतं. नाव राहिलंच. ते मी आणखी मोठं केलं, रात्री दिव्यात चमकणारी अक्षरं आणून.

तिसरा डबा कसा असावा यावर आठवडा गेला. मला विटांचा खांब हवा होता, आत सळ्या, काँक्रीट भरलेला. बॅट त्याच्यावर मारणाऱ्याचं मनगट मोडलं असतं आणि मला त्याचं काही वाटलं नसतं. मी हे नवऱ्याला सांगितलं.

"आणि बर्फावरून कोणाची गाडी घसरली तर?" त्याने विचारलं. "ताशी पन्नास मैलांनी काँक्रीटवर? मी रोज बघतो काय होतं ते. पुढचा भाग आत येतो. पायांपर्यंत."

"बॅटवाल्यांची तुला फार काळजी."

"घसरणारा बॅटवालाच असेल कशावरून? रोज त्या खांबाच्या एक हातावर गाडी कोण लावतं?"

टपाल टाकणारी बाई. जानेवारीतही. काँक्रीट तिथे संपलं. रस्ते खात्याचा नियमही तेच सांगत होता: खांब लाकडी, चार इंच बाय चार इंच, जमिनीत दोन फुटांहून खोल नाही, धडकेत मोडेल असा. डब्याचा तळ रस्त्यापासून एक्केचाळीस ते पंचेचाळीस इंच उंच. हा कागद मी पहिल्या डब्याच्या वेळी वाचायला हवा होता.

नवऱ्याने बंपरसारखा विचार केला. ठोसा थोपवायचा नाही, वाट द्यायची. खांब रस्त्यापासून पाच फूट मागे घेतला. त्याला एक लोखंडी दांडा बिजागरीवर बसवला, आडवा, रस्त्याकडे आलेला. दांड्याच्या टोकाला डबा. बिजागरीपाशी शेताच्या फाटकाला असते तशी जाड स्प्रिंग, म्हणजे दांडा कुठेही ढकलला तरी परत जागेवर येईल. डबाही दुहेरी केला. मोठ्या डब्यात छोटा, आणि मधल्या जागेत चाचणीनंतर फेकून द्यायच्या बंपरांमधला फोम, साहेबाला विचारून आणलेला. झाकण नेहमीसारखं, एका हाताने उघडणारं. ऑक्टोबरचा शेवट होता. जमीन गोठायच्या आत खड्डा घेतला.

रविवारी चाचणी झाली. घरात बेसबॉलची बॅट नव्हती. गॅरेजमध्ये पुण्याहून आणलेली क्रिकेटची होती. नवऱ्याने स्टान्स घेतला आणि मारली. दांडा गर्रकन फिरला, खांबामागे गेला, स्प्रिंगच्या ताणाने परत आला आणि डबा त्याच्या कमरेवर आदळला. तो गवतात बसला.

शेजारी ट्रॅक्टर थांबवून पाहत होता. खाली उतरला, बॅट हातात घेऊन उलटीसुलटी केली.

"चपटी का आहे?"

"तशीच असते," नवरा बसल्या जागेवरून म्हणाला.

"आमच्या डब्यांना बाहेरचे लोक मारतात," शेजारी म्हणाला. "तुमच्याकडे घरचेच आहेत." मग त्याने दांडा स्वतः तीनदा ढकलून पाहिला, बिजागरीखाली वाकून पाहिलं आणि स्प्रिंग कुठे मिळाली ते विचारलं.

नोव्हेंबर सुरू झाला. टपाल दुपारी दीडच्या सुमारास यायचं. मी दीडला खिडकीशी असायचे. गाडी थांबायची, झाकण उघडायचं, बंद व्हायचं. बिलं, जाहिराती, नवऱ्याची मासिकं. थँक्सगिव्हिंगला तीन आठवडे उरले, मग दोन. काकांचा फोन दर रविवारी.

"आलं का?"

"नाही."

"माझा पत्ता दिला असतास तर?"

"तरी आज आलं नसतं, काका. निघालंच नसेल."

"वकील व्हायला हवं होतंस."

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, डब्यावर नवा खोलगट वण दिसला. आडनावाची दोन अक्षरं निघाली होती. चरात बेसबॉलच्या बॅटचा पुढचा अर्धा भाग पडला होता, मुठीपासून तुटलेला. दांडा जागेवर होता. झाकण उघडत होतं, जरा जोर लावून. उंची मोजली: त्रेचाळीस इंच. शेजाऱ्याचा डबा पुन्हा गेला होता, म्हणजे या वेळी तरी फक्त आमच्यावर नव्हतं. बॅटचा तुकडा मी उचलून शेरीफच्या कचेरीत दिला आणि दिल्याची पावती घेतली. दोन अक्षरं दुपारच्या आत परत चिकटवली.

गुरुवारी दीड वाजता गाडी थांबली. बाईने झाकण ओढलं, पहिल्यांदा उघडलं नाही, दुसऱ्यांदा उघडलं. ती गेल्यावर मी रस्त्यापर्यंत गेले. किराणा दुकानाच्या जाहिरातीच्या घडीत एक पांढरं पाकीट होतं, कोपऱ्यात ती छापील सूचना. तिथेच उभं राहून फाडलं. फोटो वाईट होता. नाव बरोबर होतं.

काकांना फोन केला नाही. आधी गाडी घेऊन गावात गेले.

साप्ताहिकाच्या कचेरीत संपादक एकटाच होता, सँडविच खात. मी कार्ड टेबलावर ठेवलं. त्याने हात पुसले, कार्ड उजेडात धरलं, मागची बाजूही वाचली.

"हे एकाच वर्षासाठी आहे," तो म्हणाला.

"हो."

"मग?"

"मग दुसरं येईल."

"टपालाने?"

"टपालाने."

त्याला काउंटीतले रस्ते आणि डबे माहीत होते. पुढचा प्रश्न विचारावा की नाही, ते तो बहुधा ठरवत होता. मी तो विचारायची वाट पाहिली नाही. शाळा मंडळाची बैठक किती वाजता आहे, ते विचारलं. सात वाजता, तो म्हणाला, आणि वही शोधायला खण उघडला. वही मी आणली होती.